कॉकपिटचा एक तास : वाचकांचे प्रश्न, विमानवेड्याची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की चाळिसाव्या वाढदिवसाला एअरबस ए३२० या प्रवासी विमानाच्या सिम्युलेटरमध्ये (म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, बाहेरचं जग पडद्यावर) तासभर बसलो होतो आणि विमान असं आपटलं की इन्स्ट्रक्टरच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला, तर त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. काही पत्रं छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न : माझं वय ५१, बँकेत नोकरी, लहानपणापासून विमानांचं वेड. मुलाने वाढदिवसाला ए३२०च्या सिम्युलेटरचा एक तास बुक करून दिलाय. एका तासात जास्तीत जास्त काय करून घेता येईल? इंजिन सुरू करण्यापासून सगळं करावं अशी फार इच्छा आहे. मुंबई-गोवा पूर्ण उडवता येईल का?
*— एक वाचक, कोल्हापूर*

उत्तर : साहेब, इथेच थांबा. हीच चूक मी केली होती. युट्यूबवर सहा महिने व्हिडिओ बघून गेलो होतो, मग माहिती दाखवायची खाज, म्हटलं सगळं बंद असलेल्या विमानापासून सुरुवात करू. बॅटरी, एपीयू (शेपटीतलं छोटं मदतनीस इंजिन), फ्युएल पंप, कॉम्प्युटरमध्ये रूट भरणं, इंजिन दोन, मग इंजिन एक... चेकलिस्ट अगदी टेचात वाचली. घड्याळ बघितलं तर बावीस मिनिटं गेलेली! मग टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेणं, त्यात पाच-सहा मिनिटं रनवेपर्यंत नागमोडी जाण्यात. शेवटी वाट्याला टेकऑफ एक आणि लँडिंग दोन, त्यातलं एक ते चहावालं.

मुंबई-गोवा तर अजिबात नको. वर गेलात की ऑटोपायलट लावणार आणि निळ्या पडद्याकडे बघत बसणार, तासाचे पैसे त्यात. सिमची खरी गंमत अशी आहे की ते विमान कुठेही उचलून ठेवता येतं. इन्स्ट्रक्टरच्या मागे एक स्क्रीन असते, तिथे एक बोट लावलं की तुम्ही रनवेपासून आठ नॉटिकल मैलांवर, योग्य उंचीला, बरोबर समोर तोंड करून. १४० नॉट्सने म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास वेगाने तिथून खाली यायला साडेतीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. म्हणजे हिशोब करा, सुरुवातीची ओळख, एक टेकऑफ, एक फेरी धरूनसुद्धा सात-आठ लँडिंग सहज होतात, आणि सातवं लँडिंग पहिल्यापेक्षा वेगळं असतं हो, हाताला कळायला लागतं.

आता तयारी. बटणं पाठ करू नका, तीन गोष्टी डोक्यात ठेवा.

एक, साइडस्टिक. डाव्या हाताला छोटी काठी असते, नवीन माणूस तिला ताक घुसळल्यासारखी फिरवतो. ए३२० फ्लाय-बाय-वायर आहे, म्हणजे काठी थेट विमान हलवत नाही, कॉम्प्युटरला सांगते आणि तो हलवतो. तुम्ही नाक जिथे ठेवलंत आणि हात सोडलात, तर विमान तीच वाट धरून राहतं, थोडं तिरकं केलं असलं तर तेवढंच तिरकं राहतं (३३ अंशांपर्यंत, त्यापुढे सोडलंत तर स्वतःच ३३ वर परत येतं). म्हणून थोडं द्यायचं, सोडायचं, बघायचं. परत थोडं द्यायचं. इन्स्ट्रक्टर तासाभरात दहा वेळा तरी सोडा सोडा म्हणेल, त्याचा अर्थ खरंच सोडा असाच असतो.

दोन, उतार. विमान ३ अंशाच्या उतारावरून खाली येतं आणि त्याला एक सोपा हिशोब आहे, वेगाची निमपट करा आणि पुढे एक शून्य लावा. १४० नॉट्स तर ७०० फूट दर मिनिटाला. सुई ११०० दाखवत असेल तर तुम्ही पडताय, ३०० दाखवत असेल तर तरंगताय. रनवेशेजारी चार दिवे असतात, दोन पांढरे दोन लाल दिसले की बरोबर, चारही लाल म्हणजे खाली आलात आणि चारही पांढरे म्हणजे फार वर आहात.

तीन, आणि हे सगळ्यात अवघड, फ्लेअर. म्हणजे टेकायच्या आधी नाक किंचित उचलून खाली येण्याचा वेग मोडायचा. ५० फुटांवर आपली नजर आपोआप रनवेच्या जवळच्या टोकाला, त्या जाड पट्ट्यांवर खिळते, आणि तिथेच घोळ होतो, कारण जवळ बघितलं की जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि माणूस घाबरून काठी ओढतो. नजर उचलून रनवेच्या पार शेवटच्या टोकाला न्यायची. विमान स्वतः बोलत असतं, फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, आणि मग रिटार्ड म्हणजे थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मागे घे. थर्टीच्या आसपास हलकं उचलायला सुरुवात. यात एअरबसची एक गंमत म्हणजे ३० फुटांखाली कॉम्प्युटर मुद्दाम हळूहळू नाक खाली करायला लागतो, म्हणजे पायलटला काठी ओढावीशी वाटावी, जुन्या विमानांत वाटायची तशी. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी हाताने केलं काय? थर्टी ऐकलं आणि गच्च धरून बसलो. मग धप्प.

आणि हो, एक लक्षात घ्या, तुम्ही बसता त्याच्या मागे बारा-पंधरा मीटरवर मुख्य चाकं आहेत. तुम्हाला जमीन अजून लांब वाटत असते तेव्हा ती टेकलेली असतात.

डाव्या सीटवर बसायला मिळेल का ते आधीच विचारा. मुलाला मागच्या सीटवर बसवा आणि फोनवर शूटिंग करू द्या, तो तुमच्यापेक्षा जास्त खूश होईल.

प्रश्न : आमच्याकडे दोन पर्याय आहेत. एक जागेवर स्थिर असलेलं कॉकपिट, दुसरं ते सहा पायांवर हलणारं, त्याचे पैसे कितीतरी पट. हलण्याने खरंच एवढा फरक पडतो का, की नुसता दिखावा?
*— एक वाचक, सांगली*

उत्तर : दिखावा नाही, पण ज्याला तुम्ही हलणं समझताय ते हलणंही नाही, तो डोक्याला दिलेला चकवा आहे.

खऱ्या फुल फ्लाइट सिम्युलेटरखाली सहा जॅक असतात, ते खोलीला पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि तिन्ही बाजूंनी तिरकं करू शकतात. पण जॅकची धाव ती किती, मीटर-दीड मीटर! मग टेकऑफला अर्धा मिनिट पाठ सीटला दाबलेली राहते ते कसं करायचं? तर खोली हळूच मागे कलती करतात. पडद्यावर क्षितिज सरळच दिसत असतं, त्यामुळे डोळे सांगतात आपण सपाट आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो पाठीवर दाब आहे, आणि मेंदू दोन्हीची बेरीज करून ठरवतो की जोरात पुढे चाललोय. गुरुत्वाकर्षण उसनं घेऊन वेग दाखवायचा. ब्रेक लावला की खोली पुढे कलते. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, बायको वैतागली.

दुसरा फरक पडद्याचा. मोठ्या सिममध्ये चित्र समोरच्या पडद्यावर नसतं, ते मोठ्या वक्र आरशातून दिसतं, त्यामुळे रनवे खरोखर मैलभर लांब असल्यासारखा वाटतो आणि दोन्ही सीटवरच्या माणसांना तो बरोबर समोर दिसतो. साध्या सिममध्ये पडदा दोन-तीन मीटरवर, मग एका सीटवरून रनवे सरळ आणि दुसऱ्या सीटवरून थोडा बाजूला.

पण पैशाचं विचाराल तर पहिल्या वेळी स्थिरच घ्या. नवीन माणसाचं लक्ष काठीत आणि आकड्यांत एवढं गुंतलेलं असतं की खाली जॅक हलतायत का कोणी खोली ढकलतंय हे कळतही नाही. दुसऱ्यांदा जाल तेव्हा हलणारं. शिवाय हलणारी सिम विमान कंपन्यांच्या ट्रेनिंगसाठी असतात, पायलट लोकांची दर सहा महिन्यांची परीक्षा त्यातच होते, त्यामुळे आपल्यासारख्या हौशी मंडळींच्या वाट्याला बऱ्याचदा रात्री दोन-तीनची वेळ येते. बघा जमतंय का.

आता एक गोष्ट सांगतो, कोणी तुमच्या हौसेला पोरखेळ म्हणालं तर उपयोगी पडेल. पहिलं गाजलेलं सिम्युलेटर १९२९ साली अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंक नावाच्या माणसाने बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता, तिथलेच हवेचे भाते वापरून त्याने छोटं लाकडी विमान डोलवलं. विमान शाळांनी फार विचारलं नाही, मग हे खोके विकले गेले कुठे, तर जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत! लोक पैसे देऊन बसायचे. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराला टपाल न्यायचं काम दिलं, खराब हवेत पायलट पटापट मरायला लागले, तेव्हा कुठे लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. म्हणजे हौशी गिऱ्हाईक आधी, पायलट नंतर.

प्रश्न : बत्तीस वर्षं एसटी चालवली, आता रिटायर. नातू म्हणतो आजोबा चला सिम्युलेटरला. मला जमेल का? स्टेअरिंगची सवय आहे म्हणून विचारतो.
*— एक आजोबा, सातारा*

उत्तर : आजोबा, तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर जमेल, फक्त पहिली पाच मिनिटं सोडून. कारण जमिनीवर विमान काठीने वळतच नाही. बाजूला एक छोटं हँडल असतं त्याने पुढचं चाक वळतं, आणि टेकऑफला धावताना सरळ ठेवायचं ते पायाने, दोन पेडल असतात, उजवं दाबलं की नाक उजवीकडे. क्लच नाही. ब्रेक त्याच पेडलांच्या वरच्या टोकाला, पंजाने दाबायचा. तुमचे पाय सवयीने क्लच शोधतील आणि विमान रनवेवरून शेतात जायला बघेल, जाऊ द्या, शेताचं नुकसान होत नाही.

तुमचा फायदा वेगळाच आहे. तुम्ही खंबाटकी उतरताना पुढच्या वळणाचा विचार या वळणाआधीच करत होता ना? गाडी कुठे आहे याच्यापेक्षा दहा सेकंदांनी कुठे असेल ते बघायचं. विमानाचं इंजिन मागितल्यावर लगेच ताकद देत नाही, आणि विमान जड, म्हणून वेग कमी पडायला लागला हे दिसल्यावर लिव्हर पुढे केली तर उशीर झालेला असतो. आम्ही कॉम्प्युटरवर खेळलेली माणसं जे झालं ते दुरुस्त करत बसतो. लोड भरलेली गाडी घाटातून उतरवलेला माणूस तसं करत नाही.

नातवाला उजव्या सीटवर बसवा आणि गिअर (विमानात गिअर म्हणजे चाकं), फ्लॅप (पंखांच्या मागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) त्याला करू द्या. तुम्ही म्हणायचं गिअर डाऊन आणि त्याने ओढायचं. कंडक्टर समझा.

प्रश्न : मला साधं लँडिंग नको, थरार हवाय. दोन्ही इंजिनं बंद करून हडसन नदीवर उतरवतात तसं. किंवा लूप मारून बघायचा. इन्स्ट्रक्टर देतात का?
*— एक वाचक, ठाणे*

उत्तर : लूपचं, म्हणजे हवेतल्या उभ्या कोलांटीचं, आधी संपवू. ए३२० तुम्हाला मारू देणारच नाही. नॉर्मल अवस्थेत काठी कितीही दाबा, ६७ अंशांपलीकडे विमान कलत नाही आणि ३० अंशांपलीकडे नाक वर जात नाही, कॉम्प्युटर सरळ नाही म्हणतो. कॉम्प्युटर बंद करून मारलाच तरी त्याला अर्थ नाही, कारण सिम्युलेटर खऱ्या विमानाच्या चाचण्यांमधल्या आकड्यांवर चालतं, आणि प्रवासी विमानाला उलटं करून कोणी आकडे घेत नाही. तिथून पुढे तुम्ही विमान उडवत नसता, व्हिडिओ गेम खेळत असता.

हडसन मात्र करा, पण शेवटी, आणि एका अटीवर. आधी प्रसंग आठवा. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावरून निघालेलं ए३२०, कॅप्टन सलनबर्गर, तीन हजार फुटांच्या आत असताना हंसांचा थवा दोन्ही इंजिनांत, आणि साडेतीन मिनिटांत विमान नदीत. १५५ जण, सगळे वाचले. नंतर चौकशीत सिम्युलेटरवर करून बघितलं की मागे वळून विमानतळ गाठता आला असता का. पक्षी धडकताक्षणी वळलेल्या पायलटांपैकी काहींना जमलं. पण धडकल्यावर माणसाला काय झालंय हे कळायला, ठरवायला वेळ लागतो, तो ३५ सेकंदांचा उशीर धरून एकदा वळून बघितलं तेव्हा विमान पोचलं नाही.

म्हणून अट अशी की इन्स्ट्रक्टरला सांगा, इंजिनं कधी बंद करणार ते मला सांगू नका. आणि बंद झाली की मित्राला घड्याळ लावायला सांगा, तुमच्या तोंडून पहिला शहाणा शब्द किती सेकंदांनी निघतो ते मोजू द्या. मी केलं होतं. पहिले अकरा सेकंद मी नुसतं अरे अरे अरे म्हणत होतो. आणि मला तर माहीत होतं की काहीतरी होणार आहे!

प्रश्न : मला गाडी लागते. सिम्युलेटर लागेल का?
*— एक वाचक, रत्नागिरी*

उत्तर : लागू शकतं, आणि गंमत म्हणजे स्थिर सिममध्ये जास्त लागतं काहींना, कारण डोळ्यांना वळण दिसतं आणि अंगाला काहीच कळत नाही. जाण्याआधी मिसळ खाऊ नका. गरगरलं तर डोळे मिटा आणि इन्स्ट्रक्टरला फ्रीज करा म्हणा, विमान हवेत थांबतं. हे सुख खऱ्या विमानात नाही.

प्रश्न : घरी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर ए३२०चे ९०० तास झालेत, साइडस्टिक, थ्रॉटल सगळं आहे. इन्स्ट्रक्टरला मी खरा पायलट वाटेन का?
*— एक वाचक, पुणे*

उत्तर : पहिली दहा मिनिटं वाटाल. पॅनेलवर काय कुठे आहे, रूट कसा भरायचा, चेकलिस्ट, हे तुमचं तयार असेल आणि तो खूश होईल. मग ऑटोपायलट काढा म्हणेल.

घरी खेळणाऱ्यांची खोड अशी की नजर आकड्यांवर चिकटलेली असते, कारण घरच्या स्क्रीनवर बाहेरचं असतंच चिमूटभर. मोठ्या सिममध्ये डावीकडून उजवीकडे १८० अंश जग पसरलेलं असतं आणि उंची, कल हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं, पण ते वापरायची सवयच नाही. दुसरं म्हणजे पेडल. किती जणांनी घरी पेडल घेतलेत खरं सांगा? काठीच पिळून काम भागवलेलं असतं. मग इन्स्ट्रक्टर बाजूचा वारा देतो, विमान खेकड्यासारखं तिरकं येतं, टेकायच्या क्षणी पायाने सरळ करायचं असतं आणि आपले पाय थंड.

एक विनंती, पुणेकर आहात म्हणून जास्तच. तो काही सांगायला लागला की मला माहितीये म्हणू नका. माहितीये मलाही होतं.

प्रश्न : दादा, मी बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचंय. सिम्युलेटरचे हे तास लायसन्सला धरतात का? बाबा म्हणतात आधी त्यावर जमतंय का बघ मग फीचं बघू.
*— एक वाचक, धुळे*

उत्तर : नाही गं, हे हौशी तास धरत नाहीत. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, सिम्युलेटर त्यात थोडं असतं पण ते ट्रेनिंग स्कूलच्या मान्यताप्राप्त यंत्रावर, सिलॅबसमधलंच.

आणि बाबांना माझा निरोप दे की एका तासात लँडिंग नीट झालं नाही म्हणजे मुलगी पायलट होणार नाही असं काही नसतं, शिकणारा माणूस आधी छोट्या एका इंजिनाच्या विमानावर शिकतो, जेट फार पुढे येतं. सिम्युलेटरला जायच्या पैशात आधी मेडिकल कर, क्लास टू आणि मग क्लास वन, लाखो रुपये भरल्यावर डोळ्यांचं किंवा कानाचं काही निघालं तर फार वाईट वाटतं (चष्मा असला तर घाबरू नकोस, चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतं). फिजिक्स-मॅथ्स सोडू नकोस. गोंदियाजवळ बिरसीला किंवा बारामतीला ट्रेनिंग चालतं, तिथे एक दिवस जाऊन शिकणाऱ्या मुलामुलींशी बोल, तेवढं कळणार नाही कुठल्या सिममध्ये.

सिम्युलेटरला जायचंच असेल तर जा की, पण परीक्षा म्हणून नाही.

प्रश्न : कुठला विमानतळ घ्यावा? हाँगकाँगचा जुना काई टाक घ्यायचं मनात आहे.
*— एक वाचक, बोरिवली*

उत्तर : काई टाक १९९८ साली बंद झाला तरी सिममध्ये अजून जिवंत आहे हे खरं, डोंगरावरचा तो लाल-पांढरा चौकटींचा फलक बघायचा आणि इमारतींच्या डोक्यावरून उजवीकडे ४७ अंश वळून लगेच टेकायचं. पाचव्या-सहाव्या लँडिंगनंतर घ्या, आधी नाही, उगाच मन खट्टू होतं.

पहिला मुंबईचाच, रनवे २७, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं. घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येताना खालची वस्ती ओळखीची वाटते आणि एवढी वर्षं खिडकीतून तिरकं बघितलेलं सगळं पहिल्यांदा समोरून दिसतं, मला तर गलबलून आलं होतं. मग वेळ उरला तर उलट बाजूने, समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून, रनवे ०९. किनारा आला की खाली बघा, सांताक्रूझच्या आधी साधारण त्याच रेषेत दुसरी एक धावपट्टी दिसेल. ती जुहूची. १९७२च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं डीसी-८, चार इंजिनांचं मोठं जेट, चुकून तिथेच उतरलं होतं, एवढ्याशा पट्टीवर! संपल्यावरही पुढे गेलं, विमान मोडलं पण माणसं वाचली. पुस्तकात वाचताना वाटतं काय हा वेंधळेपणा, सिममध्ये थोडं धुकं टाकून या आणि मग सांगा.

प्रश्न : यांनी तिसऱ्यांदा बुकिंग केलंय. मी काय करू?
*— एक वाचक, डोंबिवली*

उत्तर : वहिनी, चौथं तुमच्या नावाने करायला लावा. डावी सीट.